कणगीतली आंधळी कोंबडी

जाड

‘आवाज कमी कर गं. माझे कान म्हातारे झालेत, बहिरे नाही झाले.’

मी बटण मागं फिरवलं. ओपलबाईंनी मांडीवरचं टिनचं घमेलं सावरलं आणि शेंगा मोडणं चालू ठेवलं. आम्ही त्यांच्या घरापुढच्या पडवीत बसलो होतो. समोर केंटकीचे डोंगर एकमेकांना इतके चिकटून उभे होते की ऊन खाली यायला जागा शोधत होतं. माझं टेपमशीन एका खुर्चीवर, छोटे स्पीकर दुसऱ्या खुर्चीवर, आणि लेनर्ड पायरीवर, कारण तिसरी खुर्ची त्याच्या वजनाला घाबरली असती. हे त्याचंच वाक्य.

लेनर्ड प्रुइट माझा मालक. सिनसिनाटीत त्याची लहानशी कंपनी होती. जुन्या काळच्या डोंगरी फिडलवादकांच्या रेकॉर्डी शोधायच्या, साफ करायच्या आणि सीडीवर काढायच्या, हा उद्योग. शोधण्याचं काम त्याचं. साफ करण्याचं माझं, म्हणजे हेमांगी लिमये, मूळ गाव रत्नागिरी, हिचं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त ते मांडीला मांडी लावून बसणाऱ्या लोकांचं. मी नवीन होते तेव्हा लेनर्डनं मला फरक असा समजावला होता : ‘व्हायोलिनवर कुणी ताक सांडत नाही.’

आणि ओपलबाई ही एम्मेट स्टिडमची मुलगी.

एम्मेट स्टिडम आयुष्यात एकदाच रेकॉर्डिंगच्या यंत्रासमोर उभा राहिला. एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराला एक कंपनी यंत्रं घेऊन शहरात आली होती, हॉटेलच्या खोलीत भिंतींना घोंगड्या टांगून डोंगरातल्या लोकांची गाणी मेणावर उतरवून घेत होती. तिथं त्यानं एक धून वाजवली. तिचं नाव ‘कणगीतली आंधळी कोंबडी’. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पण जी खपली ती वाजूनवाजून झिजली, मग कुणीतरी तिची टेप केली, त्या टेपची आणखी कुणी टेप केली, आणि त्या खरखरीतून ऐकून जगभरच्या फिडलवाल्यांनी ती धून शिकून घेतली. लेनर्डनंही. मग जॉर्जियातल्या एका माळ्यावर त्याला एक बरी प्रत सापडली. ती हातात आल्यावर तो माणूस आठवडाभर गाडी सावकाश चालवत होता.

मी ती धुतली. धुणं हा माझाच शब्द. कॉम्प्युटरवर बसून एकेक चरा, एकेक कण काढला. माझं पहिलं स्वतंत्र काम होतं ते. एम्मेट समोर बसून वाजवतोय असं वाटायला लागलं, तेव्हा मी हात थांबवला.

सीडी छापायला जाण्याआधी फक्त एक गोष्ट हवी होती. एम्मेटचा एकमेव फोटो, जो ओपलबाईंच्या भिंतीवर होता. त्यांची अट एवढीच होती : ‘आधी ऐकव. मग फोटोचं बघू.’ त्यांच्या घरची प्रत त्या लहान असतानाच एका मामेभावाच्या बुडाखाली गेली होती. तेव्हापासून त्यांनी ती रेकॉर्ड ऐकली नव्हती.

धून संपली. मी टेप थांबवली.

‘छान वाजवतो,’ ओपलबाई म्हणाल्या. ‘कोपर बघ किती मोकळं आहे. आवाजातसुद्धा दिसतं.’

लेनर्ड खुलला. ‘मग, मिस ओपल, फोटो...’

‘पण ही ती रेकॉर्ड नव्हे.’

‘हीच आहे, मिस ओपल. लेबलवर तुमच्या वडिलांचं नाव आहे. एम्मेट स्टिडम, व्हायोलिन. मी स्वतः...’

‘लेबलवर काय आहे ते मला माहीत नाही. मी तिथं होते.’

‘तुम्ही होता तिथं?’

‘नाही तर काय तू होतास?’

ओपलबाईंनी शेवटची शेंग मोडली, घमेलं उचललं, आणि मक्याची भाकरी बांधून देते म्हणून आत गेल्या. आम्ही भाकरी घेऊन परतलो. फोटो भिंतीवरच राहिला.

पुन्हा जाड

फिडलच्या धुनेला दोन भाग असतात. खालच्या तारांवरचा तो जाड, वरच्या तारांवरचा तो बारीक. दोन्ही दोनदोनदा वाजवायचे. दुसऱ्या खेपेला सूर तेच, पण पहिल्यांदा जे निसटलं ते हाती लागतं.

म्हणून पुन्हा तीच दुपार.

धून सुरू व्हायच्या आधी ओपलबाईंनी खुर्ची स्पीकरच्या जवळ ओढून घेतली होती. समोर नाही, जरा डाव्या अंगाला. मला वाटलं, त्या कानानं जास्त ऐकू येत असेल. घमेलं सावरलं म्हणाले मी, पण त्याआधी त्यांनी त्यातून दोन लांबट शेंगा वेचल्या होत्या आणि एकेक एकेका हातात धरली होती. बोटांच्या टोकांत, सैलसर. टेपची पहिली सरसर आली तशा त्या शेंगा घमेल्यावर वर उचलल्या गेल्या.

मग एम्मेटचा गज तारेवर टेकला. शेंगा वरच राहिल्या. थोडा वेळ. जाड भाग एकदा होऊन गेला तरी वरच. मग हळूच खाली आल्या, आणि ओपलबाई त्या मोडायला लागल्या.

हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं होतं एवढंच.

आणि भाकरी बांधताना त्यांनी मला आत हाक मारली होती. लेनर्डला नाही.

स्वयंपाकघरात सुईदोऱ्यात ओवलेल्या शेंगांच्या माळा वाळत टांगलेल्या होत्या. मी त्याखालून वाकून गेले.

‘तुमच्याकडे आहेत का डोंगर?’

‘आहेत. सह्याद्री. यांच्याहून जरा उंच असतील.’

‘असं बाहेरचा प्रत्येक माणूस सांगतो.’ त्यांनी भाकरीचे तुकडे केले. ‘नाव काय म्हणालीस?’

‘हेमांगी.’

‘हेमी. बरं. हेमी, ते रेकॉर्ड साफ करायचं काम तूच केलंस ना?’

‘हो.’

‘साबण कुठला?’

मी हसले. मग कॉम्प्युटरचं जमेल तसं समजावलं. झिजलेल्या रेकॉर्डीत खरखर असते, चरे असतात, तडा गेला असेल तर तबकडी फिरेल तशी टक, टक वाजते. या प्रतीला केसाएवढा तडा होता. कॉम्प्युटर असे बारीक टोकदार आवाज ओळखतो आणि उचलून बाजूला काढतो. उरतं ते संगीत.

‘टकटक काढलीस.’

‘सगळी.’

‘बरीच होती?’

‘भरपूर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.’

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा केला. हातात सुरी होती. मग त्या हसल्या, इतक्या मनापासून, की सुरी खाली ठेवावी लागली. ‘देवा रे. बाप असता तर लोळला असता.’ डोळे पुसून त्यांनी विचारलं, ‘आणि काढलेलं फेकून दिलंस?’

‘नाही. ते वेगळं ठेवते. चुकून संगीत त्यात गेलं नाही ना, हे तपासायला.’

‘मग तपासलंस?’

‘थोडंसं ऐकलं. टकटकच होती.’

‘परत ऐक,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं ऐक. मग आलीस तर ये.’

मी विचारलं, त्यात काय आहे ते तुम्हीच का सांगत नाही? त्यांनी फडक्याची गाठ मारली.

‘सांगितलं होतं एकदा. मोठं टेपमशीन घेऊन एक सज्जन आला होता, सगळ्या फिडलवाल्यांच्या पोराबाळांना भेटत. मी सांगितलं. त्यानं माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाला, लेबलवर तर एकच नाव आहे. तेव्हा ठरवलं, रेकॉर्ड मिळेल तेव्हा तीच सांगेल. आज मिळाली. तर ती मुकी.’

बाहेर लेनर्ड गाडी चालू करून बसला होता. ‘म्हातारीला विसर पडायला लागलाय,’ तो म्हणाला. ‘साहजिक आहे.’

भाकरी मांडीवर गरम होती.

बारीक

रात्री त्याच गावच्या मोटेलात राहिलो. सकाळी लेनर्ड समोरच्या खानावळीत नाश्त्याला गेला आणि मी गाडीत बसून टेपमशीनला हेडफोन लावला. काढलेल्याची टेप माझ्याकडे होतीच, सवयीनं बरोबर ठेवायचे.

कचरा ऐकणं हे एक विचित्र काम असतं. त्यात संगीत नसतं, संगीताची जागा असते. पावसात पत्र्यावर बसल्यासारखं वाटतं. आधी तड्याची टक ऐकू आली, ठरावीक अंतरानं, घड्याळासारखी. तबकडी एक फेरा पूर्ण करते तेव्हा एक. आदल्या वेळी एवढंच ऐकून मी बटण बंद केलं होतं. या वेळी चालू ठेवलं.

तड्याच्या टकटकीच्या मागं दुसरी टकटक होती.

ती घड्याळासारखी नव्हती. ती चालत होती. टक-टिकी, टक-टिकी, टक-टिकी, टक. एक जाड, दोन बारीक. मध्येच जोर वाढे, मध्येच मऊ होई. जिथं धून जाड भागातून बारीक भागात शिरते त्या जागेला ती एकदम दुडकी झाली. तड्याला कसं कळेल, धून कुठं वळते ते?

आणि आणखी एक. तड्याच्या टकेला सूर नसतो. हिला होता. अगदी पुसट, तारेचा.

मी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग पुन्हा. गाडीच्या काचेवर माझीच बोटं वाजत होती.

खानावळीत लेनर्डसमोर पांढऱ्या रश्शात बुडवलेल्या बिस्किटांची, म्हणजे तिकडच्या मऊ पावांची, ताटली होती. मी काही न बोलता त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. तो घास घेऊन ऐकत होता. मग घास तोंडातच राहिला.

‘हे कुठून आणलंस?’

‘आपण काढून टाकलेल्यातून.’

त्यानं घास गिळला. ‘काड्या आहेत या.’

‘कसल्या काड्या?’

‘फिडलच्या. अगं, जुनी पद्धत आहे. फिडलवाला वाजवत असतो तेव्हा दुसरा माणूस त्याच्या शेजारी उभा राहतो आणि दोन काड्यांनी त्याच फिडलच्या तारांवर ताल धरतो. गज आणि बोटं यांच्या मधल्या जागेत. त्याच तारा, दोन माणसं. ढोलकं नसायचं ना घरात, मग हेच. बहुतेक घरातलं पोरच करायचं, कारण...’

तो थांबला.

‘कारण पोराचे हात लहान असतात,’ मी म्हटलं. ‘मधल्या जागेत मावतात.’

‘मी तिला विसर पडला म्हणालो.’

‘मला म्हणालास. तिला नाही.’

‘तेवढं बरं झालं,’ लेनर्ड म्हणाला, आणि ताटली तशीच ठेवून उठला. त्याला ताटली तशीच ठेवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओपलबाई पडवीत बसून नव्या केरसुणीतल्या काड्या ओढून काढत होत्या. तिकडची केरसुणी ज्वारीच्या जातीच्या ताटांची असते. काडी काढायची, वाकवून बघायची, नापसंत पडली की अंगणात फेकायची. कोंबड्या धावत यायच्या आणि निराश होऊन परत जायच्या.

‘नाश्ता झाला?’ त्यांनी विचारलं.

‘अर्धा,’ लेनर्ड म्हणाला.

‘म्हणजे ऐकलंत.’

‘मिस ओपल, मी...’

‘फिडल आणलंयस ना? की नुसत्याच गप्पा मारायला आलायस?’

त्यानं गाडीतून फिडल आणलं, तारा लावल्या. पायरीवर बसला, म्हणजे त्याचा खांदा बरोबर बसलेल्या बाईच्या हाताशी आला. ओपलबाईंनी पसंत केलेल्या दोन काड्या बोटांच्या टोकांत धरल्या. आदल्या दिवशी शेंगा धरल्या होत्या तशाच.

‘वाजव. आणि मान वाकडी कर जरा, दाढी मध्ये येतेय.’

लेनर्डनं सुरुवात केली. ‘कणगीतली आंधळी कोंबडी’, तो आयुष्यभर वाजवत आलेली. काड्या खाली आल्या.

मी ती धून त्याआधी किमान हजारदा ऐकली असेन. पण ती कशाची धून आहे हे मला तेव्हा कळलं. कणगी आहे, कणगीत मका आहे, आणि एक आंधळी कोंबडी आहे जिला दिसत नाही म्हणून ती नुसती टोचत सुटलीय. इथं लाकूड, इथं लाकूड, इथं दाणा! गज म्हणजे कणगी. कोंबडी काड्यांत. सत्तरी उलटलेल्या त्या बाईचे हात फिडलच्या तारांवर टोचत होते आणि लेनर्डचा चेहरा लाल होत होता, कारण हसू आलं तर फिडल हलतं.

जाड दोनदा झालं. बारीक आलं. आणि बारीक भागाच्या शेवटाजवळ ओपलबाईंच्या काड्या पुढे गेल्या आणि लेनर्ड मागं राहिला. ताल तुटला. दोघंही थांबले.

‘थांबलास का रे?’

‘थांबलो नाही. तिथं एक मात्रा जास्त आहे.’

‘कुठली मात्रा? सरळ धून आहे.’

‘नाही हो, मिस ओपल. तुमच्या वडिलांच्या रेकॉर्डीतच आहे. तिथं ते एक सूर लांबवतात, मग पुढे जातात. म्हणून तर ही धून अवघड मानतात. सगळे तसंच वाजवतात.’

‘सगळे म्हणजे?’

‘सगळे. इथले, इंग्लंडातले. जपानमध्ये एक मंडळ आहे, तेसुद्धा. एका प्राध्यापकानं लिहिलंय की ही मात्रा स्कॉटलंडहून आलेली आहे, फार जुनी आहे.’

ओपलबाईंनी काड्या मांडीवर ठेवल्या.

‘जपान,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. हॉटेलच्या खोलीत घोंगड्या टांगलेल्या होत्या, खूप उकडत होतं. बापाच्या खांद्याशी हात पोचावा म्हणून त्यांना खोक्यावर उभं केलं होतं. यंत्रवाल्या माणसानं सांगितलं होतं की भिंतीवर दिवा आहे, तो लागला की सुरू करा, आणि पुन्हा उघडझाप करायला लागला की संपत आलं असं समजा. बाप डोळे मिटून वाजवायचा. दिव्याकडे बघायचं काम पोरीचं होतं. दिव्यानं डोळा मिचकावला. पोरीनं घरात कंदिलाशिवाय दिवा पाहिलेला नव्हता. ती बघतच राहिली आणि हात चुकला. काड्या हवेत.

‘बापानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. गज चालूच ठेवला, तो एकच सूर, असा लांबवला, माझे हात खाली येईपर्यंत. मग पुढे गेला. मेणावर एकदा उतरलं की उतरलं, पुन्हा करायला मेण नव्हतं.’ त्यांनी लेनर्डकडे पाहिलं. ‘स्कॉटलंड कुठलं? तो माझ्यासाठी थांबला होता.’

मी गाडीतून टेपमशीन आणि स्पीकर आणले. धडपडत, अंगणातल्या कोंबड्या उधळत. काढलेल्याची टेप लावली, बारीक भागाच्या शेवटाजवळ आणली. टक-टिकी, टक-टिकी, टक... आणि मग काहीच नाही. तड्याची एकटी टक. मग पुन्हा टक-टिकी, टक-टिकी, जरा घाईनं.

‘ती मी,’ ओपलबाई म्हणाल्या. ‘घाबरलेली.’

लेनर्ड पायरीवर तसाच बसून होता. फिडल मांडीवर. तो म्हणाला, ‘आता मी त्या प्राध्यापकाला काय सांगू?’

‘सांग की स्कॉटलंडचं नाव ओपल आहे.’

मग त्या आत गेल्या आणि फोटो घेऊन आल्या. भिंतीवर त्याच्या मापाचा फिका चौकोन राहिला असणार. फोटोत एम्मेट एकटाच होता, ऊन डोळ्यांवर आल्यासारखा तोंड वाकडं करून. ‘घेऊन जा,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्याला एकट्याला पाठवत नाही मी. समजलं?’

‘समजलं,’ आम्ही दोघं एकदम म्हणालो.

पुन्हा बारीक

पुन्हा धुतलं. या वेळी न धुता.

म्हणजे असं की तड्याची टक हातानं काढली, एकेक, आणि काड्यांची हातानं ठेवली, एकेक. कॉम्प्युटरला तडा आणि काडी यांतला फरक कळत नाही, म्हणून कानानं बसावं लागलं. खरखर बरीच राहिली. खरखर पूर्ण काढली की काड्यांचा तारेला लागलेला बारीक सूर तिच्याबरोबर जायचा. मी ती राहू दिली. लेनर्ड ऐकून म्हणाला, ‘लोक म्हणणार, यांना साफ करता येत नाही.’

‘म्हणू देत.’

‘म्हणू देत,’ तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकून मजा वाटली.

सीडीच्या वेष्टणावर नाव घातलं : एम्मेट स्टिडम, फिडल, ओपल स्टिडम, काड्या.

डोंगरांचे रंग बदलले होते तेव्हा आम्ही सीडी घेऊन गेलो. पडवीत त्याच खुर्च्या. ओपलबाईंनी वेष्टण वाचलं, मग हात लांब धरून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं.

‘माझं नाव शेवटी आहे.’

‘तुम्ही नंतर सुरू करता,’ लेनर्ड म्हणाला.

‘हं. वाजवायला आला असतास तर तुला बापानं ठेवून घेतलं असतं. तोंड चांगलं चालतं तुझं.’

मी सीडी लावली. खरखर आली, आणि तिच्यातून गज आला, आणि गजाशेजारी ती. टक-टिकी, टक-टिकी. ओपलबाई दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ऐकत होत्या. बोटसुद्धा हललं नाही. चुकायची जागा आली, काड्या गेल्या, सूर लांबला, काड्या परत आल्या. त्यांनी मान डोलावली. कुणीतरी घरी सुखरूप पोचल्याचं कळल्यावर डोलावतो तशी.

धून संपली.

‘ती पहिली पण आणलीयस का?’ त्यांनी मला विचारलं.

‘कुठली?’

‘धुतलेली. मुकी.’

टेप माझ्या पिशवीत होती. का होती, माहीत नाही. सवय. मी थोडी ओशाळले. ‘ती कशाला हवी तुम्हाला?’

‘त्यात तो एकटा आहे ना?’

‘हो.’

‘म्हणजे माझी जागा रिकामी आहे.’ त्या उठल्या, आत जाऊन दोन काड्या घेऊन आल्या, आणि लेनर्डपुढे उभ्या राहिल्या. ‘फिडल काढ. गज राहू दे.’

लेनर्डला लगेच कळलं. मला जरा वेळ लागला. त्यानं फिडल काढलं, मी टेपवरचा पहिला सूर वाजवून दिला, त्यानं तारा त्या सुराला आणून लावल्या. जुनी तबकडी आजच्या सुरापेक्षा किंचित वर चालते, तेवढं चढवावं लागलं. मग तो पायरीवर बसला, फिडल खांद्याला, डावा हात तारांवर. उजवा हात रिकामा, गुडघ्यावर. सूर बोटांनी धरायचे, वाजवायचे नाहीत. ओपलबाई बाजूला बसल्या. लेनर्डनं न सांगता दाढी वळवली.

मी टेप सोडली.

एम्मेटचा गज आला. स्वच्छ, एक कण नाही, माझं पहिलं काम. लेनर्डची बोटं त्याच्याबरोबर तारांवर चालायला लागली. आणि ओपलबाईंच्या काड्या खाली आल्या. सूर बोटांखाली बरोबर होते, म्हणून काड्यांतून धून वाजत होती, पुसट, पण तीच. गज साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा, बोटं लेनर्डची, आणि टोचणारी कोंबडी इथं, आत्ता, सुती झग्यात. अंगणातल्या खऱ्या कोंबड्या मान वाकडी करून बघत उभ्या होत्या.

जाड दोनदा. मग बारीक. माझं लक्ष पुढे, त्या जागेकडे होतं. ओपलबाईंचंही असणार. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली दिसत होती.

ती जागा आली. त्या चुकल्या नाहीत. काड्या अगदी मात्रेवर होत्या, एक टोच इकडंतिकडं नाही, पुढच्या मात्रेत पाऊल टाकायला तयार. आणि एम्मेट थांबला. तो एकच सूर धरून, तसाच. ओपलबाईंनी काड्या वर उचलून धरल्या, त्याचं व्हायची वाट बघितली, आणि मग दोघं बरोबर पुढे गेले, शेवटापर्यंत.

लेनर्ड नाक पुसत होता. मी टेप थांबवायची विसरले होते, ती कोरी सरसरत होती.

ओपलबाईंनी काड्या मांडीवर ठेवल्या आणि माझ्याकडे वळल्या. चेहरा हसरा होता, वर थोडी तक्रार.

‘बघितलंस ना, हेमी?’ त्या म्हणाल्या. ‘इतकी वर्षं झाली. अजून भरवसा नाही त्याला माझा.’